हरलेला घरात ठेवायचा नाही

सरांच्या डाव्या पायात एका कंपनीचा गमबूट असायचा आणि उजव्या पायात दुसऱ्या कंपनीचा. डावा काळा, उजवा हिरवट. पहिल्या दिवशी मला वाटलं, गरीब माणूस असेल बिचारा, उरलंसुरलं जोडून घालत असेल. मग कळलं की हा नाशिककडचा रिटायर झालेला जनावरांचा डॉक्टर आहे, चांगली पेन्शन खातो, आणि दोन्ही जोड नवेकोरे विकत घेऊन त्यांतला एकेक मुद्दाम वापरतोय. कुठला आधी फाटतो ते बघायला. मी मनात म्हटलं, बाई गं, कुठे येऊन पडलीस.

मी धुळ्याकडची. नवरा सिल्वासाजवळ नरोलीत धाग्याच्या कंपनीत, आणि मी तिथेच जवळ प्लास्टिकच्या डब्यांच्या पॅकिंगला होते. उभं राहून राहून पाय सुजायचे, घरी आलं की चप्पल निघायची नाही. आमच्या लाइनीत सविता होती, सुरंगीची. ती एक दिवस म्हणाली, आमच्या गावाच्या अलीकडे दमणच्या एका शेठने डुकरांचा फार्म काढलाय, बायका पाहिजेत, बसून काम आहे. मी 'बसून काम' एवढंच ऐकलं. कशावर बसायचं ते सविताने सांगितलं नव्हतं.

डुकरिणीच्या पाठीवर बसायचं होतं. तेही उलटं, तोंड शेपटीकडे करून. मादी माजावर आली की पाठीवर वजन पडल्यावर ती खांबासारखी उभी राहते, कान टवकारते, जागची हलत नाही. मग मागून हळूच नळी घालायची, नळीला डोसची बाटली लावायची, बाटली हातात उंच धरायची आणि गप बसून राहायचं. नराचं बीज त्या बाटलीत. डुकरीण स्वतःच्या ओढीने ते आत घेते. याला सरकारी भाषेत कृत्रिम रेतन म्हणतात, फार्मवर आम्ही नुसतं 'डोस' म्हणायचो. सविता पिल्लांच्या खोलीत लागली आणि मी सरांच्या हाताखाली आले.

गावी काय सांगणार? सासूला सांगितलं, बिस्किटाच्या कंपनीत लागले. तेव्हापासून दर दिवाळीला सिल्वासाच्या बाजारातून दोन पिशव्या बिस्किटं विकत घेऊन धुळ्याला नेत होते, आणि सासू ती गल्लीत वाटत होती, माझ्या सुनेने बनवलेली म्हणून.

सर सगळंच ताडून बघायचे. 'ताडून बघू' हा त्यांचा श्वास होता म्हणा ना. अर्धी दाढी एका ब्लेडने, अर्धी दुसऱ्याने. सामरवरणीत भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे, तिथून फार्मला यायला दोन रस्ते, तर आज एकाने आणि उद्या दुसऱ्याने, कुठल्यावर सावली जास्त ते बघायला. तपकीर ओढायचे, तर तीसुद्धा डाव्या नाकपुडीत एक आणि उजव्या नाकपुडीत दुसरी. खिशात दोन डब्या, बोटंसुद्धा वेगवेगळी. हे तपकिरीचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि एकदा निकाल लागला की संपलं. 'हरलेला घरात ठेवायचा नाही' हा त्यांचा कायदा. सामरवरणीच्या नाक्यावर चहाच्या दोन टपऱ्या होत्या. एक टपरीवाला सरांचा जिगरी दोस्त, संध्याकाळी तासन्‌तास गप्पा चालायच्या. सरांनी दोन्हींचा चहा महिनाभर ताडून पाहिला आणि दोस्ताचा चहा हरला. त्या दिवसापासून सर दोस्ताच्या बाकड्यावर बसून समोरच्या टपरीवरून चहा मागवायचे. दोस्ताने शिव्या घातल्या, रुसला, आठवडाभर बोलला नाही. सर म्हणाले, "दोस्ती तुझ्याशी आहे. चहा त्याचा चांगला आहे. यात भांडायचं काय?" शेवटी दोस्तच दमला आणि स्वतः समोरून चहा आणून द्यायला लागला.

मला एकदा राहवलं नाही. मी विचारलं, "सर, लग्नाच्या वेळी बाईंना कुणाशी ताडून बघितलं होतं?"

बाई म्हणजे त्यांची बायको. मी आले त्याच्या आधीच वारली होती.

सर म्हणाले, "मी नाही. तिने मला ताडून पाहिलं. एकाच दिवशी दोन स्थळं होती तिला. मी आणि एक तलाठी."

"मग तुम्ही जिंकलात."

"कसला जिंकलो? तलाठ्याची बस चुकली. तो आला तेव्हा सगळे पोहे खाऊन उठले होते. ही काय तुलना झाली? मी तिला जन्मभर सांगत होतो, तुझा निकाल चुकीचा आहे, त्या माणसाला पुन्हा एकदा बोलवायला पाहिजे होतं." असं म्हणून सर दुसरीकडे बघायला लागले. मीही बाटल्या धुवायला निघून गेले.

बोलण्याची तर वेगळीच तऱ्हा. माणूस कुणीही असो, त्याला अरे-तुरे. शेठला 'ए, तू', पोलिसाला 'ए, तू', मला तर तूच. आणि डुकरिणींना अहो-जाहो. "अहो मोठ्या बाई, जरा इकडे सरकता का? दमला असाल. बसा हं, घाई नाही." एकदा सविताच्या आईची डुकरीण माजावर आली म्हणून आम्ही डोस घेऊन सुरंगीला गेलो. अंगणात सर म्हणाले, "अहो, अशा शांत उभ्या राहा, घाबरायचं काही कारण नाही." सविताची आई कुडाला टेकून ताठ उभी राहिली, हात जोडून. आमचं काम आटपेपर्यंत ती माउली जागची हलली नाही. डुकरीण मात्र दोनदा हलली.

फार्मवर एसी एकच होता, आणि तो डोसच्या खोलीत. डोसला गरम चालत नाही आणि फार गारही चालत नाही. साध्या फ्रिजमध्ये ठेवलं तरी बीज मरतं, म्हणून त्या खोलीत माफक गारवा सांभाळायचा. सर स्वतः बाहेर उन्हात, डोक्यावर ओला पंचा टाकून स्टुलावर बसायचे. एकदा मे महिन्यात शेठ फोनवर बोलत बोलत त्या खोलीत शिरले आणि खुर्ची ओढून आरामात बसले. सरांनी दार उघडून धरलं. "ए, ऊठ. तुझ्या अंगाची गरमी बाहेर घेऊन जा." शेठ फोन कानाला लावूनच बाहेर आले. पगार देणारा माणूस, पण उठला. मला तेव्हा सरांचा जो अभिमान वाटला तो अजून उतरलेला नाही.

मला काम शिकवलं ते त्यांनीच. आधी मी घाबरून नळी रेटायची. सर माझ्या हातावर चापट मारायचे. "ढकलतेस कशाला? तू पाहुणी आहेस. त्या दार उघडतील तेव्हा आत जायचं." मग मला एक युक्ती सापडली. पाठीवर बसलं की मी डुकरिणीशी आमच्या अहिराणीत बोलायला लागले. "उभी ऱ्हाय वं माय, कोठे पयी ऱ्हायनी." म्हणजे उभी राहा गं बाई, कुठे पळतेस. आणि मग सासूचं पुराण सुरू. सासूने हळद कमी पडली म्हणून काय म्हटलं, नणंदेला साडी कुठली घेतली, सगळं. डुकरीण ढिली पडायची, नळी आपसूक बसायची.

सर एकदा मागे येऊन उभे राहिले. "काय बोलतेस त्यांच्याशी?"

"सासूच्या तक्रारी."

"चालू ठेव. ऐकतायत त्या."

मग एक दिवस शेठ कुठल्याशा प्रदर्शनातून नवीन नळी घेऊन आले. म्हणजे नळीच्या आत अजून एक बारीक, लांब नळी. जुन्या नळीने डोस गर्भाशयाच्या तोंडाशी सोडायचा आणि वाट बघायची. नव्या नळीत आधी बाहेरची नळी बसवायची, डुकरीण ढिली पडू द्यायची, मग आतली बारीक नळी हळूच पुढे सरकवून डोस थेट गर्भाशयात. डोस निम्मा पुरतो आणि वेळही थोडा लागतो.

आणखी एक मोठा फरक होता. जुन्या नळीच्या वेळी नर समोर लागतो. आमचा नर म्हणजे जावईबापू. हे नाव सविताने ठेवलं होतं, कारण खाणं सगळ्यात चांगलं त्याला, काम सगळ्यात कमी, आणि मान वर करून चालायचा. एकाने जावईबापूला डुकरिणीच्या तोंडासमोर धरून ठेवायचं, त्याच्या वासाने ती तापते, ताठ उभी राहते, आणि दुसऱ्याने मागे बसून बाटली धरायची. म्हणजे माणसं दोन. नव्या नळीला मात्र जावईबापू जवळपाससुद्धा चालत नाहीत. त्याच्या वासाने डुकरीण आतून आवळून धरते आणि बारीक नळी पुढे जातच नाही. म्हणून त्याला दूर न्यायचं, डुकरिणीला शांत होऊ द्यायचं, आणि मग एकट्याने काम करायचं.

शेठनी हिशोब लगेच केला. "साहेब, ये नली जीत गई तो एकच आदमी बस." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "फिर बेन का काम नहीं रहेगा."

एकच माणूस. तो माणूस कोण ते विचारायचीही गरज नव्हती. डॉक्टर माणूस बसलेला असताना धुळ्याची पॅकिंगवाली कोण ठेवतो? मी खाली बघून गमबूट धूत राहिले. मला परत त्या पॅकिंगच्या लाइनीत उभं राहायचं नव्हतं. आणि नुसत्या पायांचा प्रश्न नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादं काम चांगलं येत होतं, आणि मला ते येतं हे मला कळत होतं.

सर म्हणाले, "ताडून बघू."

त्यांच्या खिशात एक चिंचोका असायचा. एका बाजूने फरशीवर घासून पांढरा केलेला. डुकरीण माजावर आली की सर तो जमिनीवर टाकायचे. काळी बाजू वर आली तर जुनी नळी, पांढरी आली तर नवी. मग तोच चिंचोका पुन्हा टाकायचे. काळा तर सर डोस देणार, पांढरा तर मी. जावईबापूला धरायचं असलं की उरलेला माणूस ते करणार. हे दुसरं टाकणं नवीन नव्हतं, माझा हात बसला तेव्हापासूनच चालू होतं, आणि मला वाटायचं की कामाची वाटणी भांडणाशिवाय व्हावी म्हणून आहे. पहिलटकरणींना मात्र यातून वगळलं होतं. त्यांना लांब नळी सोसत नाही, त्यांच्यासाठी जुनीच.

डोसच्या खोलीच्या खिडकीत दोन काचेच्या बरण्या ठेवल्या. डुकरीण व्याली की जितकी पिल्लं जिवंत तितके चिंचोके बरणीत. जुन्या नळीची बरणी डावीकडे, नवीची उजवीकडे. दोन्हीकडे डुकरिणी सारख्या झाल्या की मगच निकाल. सर मला बजावून सांगायचे, "नव्या नळीने देताना तुझा हात जड पडला तर मला कळेल. जिला हरवायचंय तिला आधी पोटभर संधी द्यायची." मी चिडले. म्हटलं, "सर, मी काय बेइमान आहे?" ते म्हणाले, "नाहीस. म्हणून तर सांगतोय. बेइमानाला सांगून काय उपयोग?"

महिने गेले. डावी बरणी भरत चालली आणि उजवी मागे पडली. नवी नळी अडायची. माझ्या हातून अडायची, सरांच्या हातूनही अडायची. कधी बारीक नळी आत दुमडायची, कधी डोस सगळा परत बाहेर. शेठचं तोंड उतरलं. मी वरवर गप्प, पण आतून काय सांगू, उकळ्या फुटत होत्या. घरी नवऱ्याला मटण करून घातलं.

आणि मग एका दुपारी लाईट गेली.

उन्हाळा म्हणून शेठनी शेडच्या टोकाला एक मोठा पंखा बसवला होता, माणूस आत उभा राहील एवढा. लाईट गेली तसा तो घरघरत थांबला. मी तेव्हा एका डुकरिणीच्या पाठीवर होते, नवी नळी हातात. आणि ती बारीक नळी सरकन आत गेली. काही अडलं नाही, काही नाही. सासूचं पुराण मी सुरूसुद्धा केलं नव्हतं. डोस दिला, उतरले, आणि हात धुताना माझ्या लक्षात आलं की शेडमध्ये वास नाहीये. जावईबापूचा वास. तो वास काय असतो ते माझ्या नवऱ्याला विचारा, माझी कामाची साडी दोन वर्षं त्याने घराच्या आत येऊ दिली नव्हती.

मी चालत शेडच्या टोकाला गेले. पंख्याच्या मागे कोण? जावईबापूची खोली. नव्या नळीच्या वेळी आम्ही त्याला इमानदारीने नेऊन त्याच्या खोलीत बंद करत होतो, आणि पंखा त्याचा वास उचलून सगळ्या शेडवर फेकत होता. जुन्या नळीला ते चांगलंच होतं. नव्या नळीच्या डुकरिणी बिचाऱ्या आवळून उभ्या. आणि सरांना हे कळणार कसं? त्यांच्या दोन्ही नाकपुड्यांत तपकीर भरलेली.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय पडलंय? तुला कुणी विचारलंय का? गप राहा, नोकरी वाचतेय." खोटं नव्हतं त्याचं. पण मला जेवण गेलं नाही. भात कालवत बसले आणि त्या तलाठ्याची आठवण येत राहिली. कधी न पाहिलेला माणूस, बस चुकून आलेला, आणि लोक पोहे खाऊन उठलेले. मला राग आला. सरांचा, पंख्याचा, नवऱ्याचा, सगळ्यांचाच राग आला. असली अर्धवट जीत घेऊन मी त्या माणसासमोर रोज उभी कशी राहणार होते?

दुसऱ्या दिवशी शेठ आलेले होते. खिडकीपाशी उभे राहून म्हणत होते, "चलो, पुरानी ही ठीक है." सर होकाराची मान हलवत होते. मी गेले आणि म्हटलं, "सर, तुमचं नाक मेलंय."

शेठ हसायलाच लागले. मी म्हटलं, "हसू नका शेठ, तुमच्या पंख्याने केलंय हे," आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना आवाज चढला माझा. रडू येऊ नये म्हणून मी भांडल्यासारखीच बोलत होते.

सर तसेच निघाले. शेडच्या टोकाला गेले, पंख्यासमोर उभे राहिले आणि लांब श्वास घेतला. मग अजून एक. त्यांना कसलाच वास येत नव्हता. त्यांनी सविताला हाक मारली, "इथे उभी राहा. काय वास येतो?" सविता नाकाला पदर लावत म्हणाली, "जावईबापू. रोजच येतो की."

सरांनी खिशातून तपकिरीच्या दोन्ही डब्या काढल्या आणि गटारात टाकल्या. "दोन्ही हरल्या," म्हणाले. मग खिडकीपाशी येऊन दोन्ही बरण्या जमिनीवर उपड्या केल्या. महिन्यामहिन्यांचे चिंचोके फरशीवर पसरले. शेठ ओरडले, "अरे साहेब, शुं करो छो?"

"परत," सर म्हणाले. "पहिल्यापासून."

जावईबापूची खोली शेडच्या पार दुसऱ्या अंगाला, ताडांच्या खाली नेली. पंख्याचं तोंड फिरवलं. सरांनी पुन्हा तपकिरीला हात लावला नाही, पहिले काही दिवस चिडचिड करायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, मग हळूहळू नाक जागं झालं. एक दिवस माझ्याकडे येऊन आश्चर्याने म्हणाले, "तू डोक्याला खोबरेल लावतेस?" दोन वर्षं लावत होते मी.

मी त्या महिन्यांत जशी राबले तशी कधी राबले नव्हते. नवी नळी मला घालवणार होती, तरी तिच्यासाठी राबले. आता नोकरी जाणारच आहे तर निदान कुणी असं म्हणायला नको की बाईचा हात जड पडला. उजवी बरणी वर येत गेली. निम्म्या डोसमध्ये, निम्म्या वेळात. शेवटी डावीच्या पुढे थोडी गेली, फार नाही, पण गेली. सांगायला हरकत नाही, ती पुढे गेली तेव्हा मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी अभिमानही वाटला. त्यातले कितीतरी चिंचोके माझ्या हाताचे होते.

निकालाच्या दिवशी मी डबा, पाण्याची बाटली, जुनी साडी असं सगळं पिशवीत भरूनच ठेवलं होतं. शेठ आले, बरण्या बघितल्या, खूश झाले. "तो साहेब, नवी नळी पक्की. पहिलटकरणी थोड्याच, त्यांच्यासाठी मैं सविता को भेज दूँगा बापू पकडने. बाकी एकच आदमी."

"एकच," सर म्हणाले. "थांब."

ते स्कूटरपाशी गेले. डिकीतून पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं, गाठ सोडली आणि खिडकीत ठेवलं. अजून दोन बरण्या. घरून आणलेल्या, कॉफीच्या. दोन्हींत चिंचोके.

"ही माझी," सर म्हणाले. "ही हिची."

मला आधी कळलंच नाही. मग तो दुसऱ्यांदा टाकलेला चिंचोका डोळ्यांसमोर आला. काळा तर सर, पांढरा तर मी. वाटणी नव्हती ती. हा माणूस नळ्या यायच्या आधीपासून, रोज माझ्यासमोर, माझ्या देखत मला स्वतःशी ताडून बघत होता. पंख्याच्या प्रकारानंतर या बरण्याही त्याने उपड्या केल्या असणार, कारण त्यात आता पहिल्यापासूनचं सगळं नव्हतं. आणि लांबूनसुद्धा दिसत होतं की माझी बरणी भरलेली आहे आणि त्यांची नाही.

"शेठ, तू एकच माणूस ठेवणार ना?" सर म्हणाले. "मग हिला ठेव. दोन्ही नळ्यांनी ही माझ्या पुढे आहे. थोडीथोडकी नाही. हरलेला घरात ठेवायचा नाही."

शेठ म्हणाले, "पण साहेब, तुम्ही डॉक्टर."

"आजारी पडलं कुणी तर डॉक्टर बोलवायला येतो. वापीत आहेत, सिल्वासात आहेत. ही बोलावून मिळणार नाही."

माझं डोकंच फिरलं. आनंद व्हायच्या ऐवजी मला इतका संताप आला की मी शेठसमोर ओरडले, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मला ताडायला? मला विचारलं होतंत? आणि ही तुलनाच खोटी आहे. तुमचे गुडघे दुखतात. तुम्हाला पाठीवर नीट बसता येत नाही, वर्षभर बघतेय मी. तलाठ्याची बस चुकली तर ती तुलना खरी नाही म्हणून बाईंना जन्मभर सांगितलंत. मग तुमच्या गुडघ्यांचं काय?"

सर स्टुलावर बसून गमबूट काढत होते. आधी डावा, मग उजवा. उजव्याला घोट्यापाशी चीर गेली होती, मी पहिल्यांदाच बघितली. त्यांनी तो कचऱ्याच्या पिंपात टाकला, डावा धुऊन माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "याचा जोडीदार माझ्या खोलीत कोरा पडलाय, उद्या पाठवतो. तुला मोठे होतील. पायात कापड गुंडाळ."

"मी काय विचारलं?"

सरांनी वर बघितलं. "बस तलाठ्याची नव्हती गं," ते म्हणाले. "गुडघे माझे आहेत."

मग उठून शेडमध्ये गेले, अनवाणी. एकेका डुकरिणीपाशी थांबून, "येतो हं बाई, सांभाळून राहा," असं सगळ्यांना सांगून आले. मला काहीच म्हणाले नाहीत. स्कूटरला किक मारताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आता तपकिरीचं कारण सांगायला जागा नव्हती.

ते आता नाशिकला मुलीकडे असतात. फार्मवरचं सगळं रेतन मी बघते. सुरंगीपासून आतल्या पाड्यांपर्यंत ज्यांच्या परसात एखादी डुकरीण आहे ते माझ्या फोनवर फोन करतात, आणि डॉक्टर आहेत का म्हणून विचारत नाहीत, मला बोलवतात. गेल्या दिवाळीला धुळ्याला बिस्किटं नेली नाहीत. सासूला समोर बसवून सांगितलं, मी डुकरांत काम करते, आणि काय करते तेही सांगितलं. सासूने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि डॉक्टरला हरवलंस?"

"हो."

"शिकलेल्या डॉक्टरला?"

"हो."

ती पदर खोचून उठली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना सांगून आली. बिस्किटांपेक्षा जास्त वाटलं तिने ते.

मध्यंतरी सरांचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही. थेट विचारलं, "तुझ्या समोर कोण आहे?"

मी म्हटलं, "समोर म्हणजे? मी एकटीच करते."

"मग तू चांगलं करतेस हे तुला कसं कळतं?" आणि फोन ठेवला.

मी फोन खिशात टाकला. मग सविताला पिल्लांच्या खोलीतून बोलावलं, तिला डुकरिणीच्या पाठीवर बसायला शिकवायला घेतलं, आणि आता तिचा हात बसलाय. काल सकाळी खिशातून चिंचोका काढला आणि तिच्यासमोर जमिनीवर टाकला. खिडकीत दोन कॉफीच्या बरण्या धुऊन ठेवल्यात, दोन्ही रिकाम्या. तिला सगळं सांगून ठेवलंय, लपवून नाही. ज्या दिवशी तिची बरणी पुढे जाईल त्या दिवशी हे गमबूट मी धुऊन तिच्यासमोर ठेवीन. पण माझे गुडघे अजून धड आहेत, आणि सासूबद्दल बोलायला मला अजून पुष्कळ आहे.